तळ्यातील तिलापिया : ऋतुमानानुसार संगोपन आणि मासेमारी

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील लोणखेडा हे गाव गोमाई नदीच्या परिसरात वसलेले आहे. ऊस, केळी, पपई व कापूस ही या भागाची पिके. या पिकांसाठी शेतकरी विहिरीचे व पावसाचे पाणी तळ्यात साठवितात. हेच पाणी पिकाला देण्यापूर्वी त्यात मासे वाढविता आले, तर एकाच पाण्यापासून दुहेरी उत्पन्न मिळू शकते. तिलापिया हा मासा त्या दृष्टीने उपयुक्त आहे. मात्र त्याचे संगोपन काही शिस्त पाळूनच करावे लागते.

गुण आणि दोष

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ‘चिलापी’ या नावाने ओळखला जाणारा हा मासा मूळचा आफ्रिकेतील होय. त्याची मोझांबिक जात १९५२ साली भारतात आणण्यात आली. हा मासा काटक असून शेवाळ, कोंडा, पेंड असे मिळेल ते खाऊन वाढतो. परंतु दोन-तीन महिन्यांचा होताच तो वीण घालू लागतो. मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळीत असल्याने पिल्ले मोठ्या संख्येने जगतात. परिणामी तळे बोटभर माशांनी भरून जाते आणि विक्रीयोग्य मासा हाती लागत नाही. या कारणास्तव १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली. तथापि तो जलाशयांत पसरलाच. उजनी जलाशय हे त्याचे राज्यातील ठळक उदाहरण आहे.

पुढे नाईल तिलापियापासून निवड पद्धतीने सुधारित वाण तयार करण्याचे काम १९८८ पासून फिलिपाइन्समध्ये झाले. ‘गिफ्ट’ या नावाने ओळखला जाणारा हा वाण वेगाने वाढतो. आता भारतात परवानगी घेऊन व केवळ नर असलेले बीज वापरून तिलापियाचे संवर्धन करता येते. यास्तव बीज खरेदी करण्यापूर्वी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी संपर्क साधणे आवश्यक ठरते.

उन्हाळा : तळ्याची तयारी

मातीचे तळे मे महिन्यात उपसून वाळवावे. गाळ काढून दर हेक्टरी सुमारे २०० ते २५० किलो चुना टाकावा. चार गुंठ्यांच्या तळ्यास ८ ते १० किलो चुना पुरतो. तळे आटत नसेल तर मरळीसारखे भक्षक मासे काढण्यासाठी मोहाच्या बियांची पेंड वापरतात. एक मीटर खोल पाण्यास हेक्टरी २,५०० किलो, म्हणजे चार गुंठ्यांस १०० किलो, हे तिचे प्रमाण होय. पेंडीचा विषारी परिणाम ओसरण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. तोवर बीज सोडू नये. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात कागद फाटलेला नाही याची खात्री करावी. अशा तळ्याचे काठ निसरडे असल्याने त्यास कुंपण घालावे व गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवावेत. माणसाच्या जिवापुढे उत्पन्नाची किंमत ती काय?

पावसाळा : बीज सोडणे

जुलैमध्ये तळ्यात दीड मीटर पाणी झाले म्हणजे बीज सोडावे. प्राणवायू भरलेल्या पिशव्या प्रथम १५ ते २० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवाव्यात, मग तोंड उघडून तळ्याचे पाणी हळूहळू आत घ्यावे. नवशिक्याने दर चौरस मीटरला दोन मासे हे प्रमाण ठेवणे इष्ट. २० मीटर लांब व २० मीटर रुंद तळ्यात याप्रमाणे ८०० मासे बसतात.

खाद्य माशांच्या एकूण वजनावरून ठरवावे. १० ग्रॅमच्या ८०० माशांचे वजन ८ किलो. त्यांना ५ टक्के म्हणजे दिवसाला ४०० ग्रॅम खाद्य लागते. मासे १०० ग्रॅमचे झाले की एकूण वजन ८० किलो होते. मग ३ टक्क्यांप्रमाणे २ किलो ४०० ग्रॅम द्यावे. त्यासाठी दर पंधरवड्यास थोडे मासे पकडून वजन करावे.

ढगाळ हवेत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर पाण्यातील प्राणवायू घटला असे समजावे. अशा वेळी खाद्य बंद करून पंपाने पाण्याचे फवारे उडवावेत किंवा ताजे पाणी सोडावे. कापूस वा पपईवर औषध फवारल्यानंतर पंप तळ्यात कधीही धुऊ नये. त्यामुळे सारे मासे मरू शकतात.

हिवाळा : मासेमारी

पाण्याचे तापमान २० अंशांखाली गेले की तिलापिया खाणे कमी करतो आणि १० ते १२ अंशांना मरू लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थंड असतात. म्हणून जुलैत सोडलेले मासे डिसेंबरपर्यंत काढून घ्यावेत.

आदल्या दिवशी खाद्य बंद करावे व पहाटे ओढजाळे लावावे. तिलापिया जाळ्यावरून उडी मारतो, तसेच तळाच्या चिखलात दडून बसतो. यासाठी जाळ्याची वरची दोरी पाण्याच्या वर उचलून धरावी व खालची दोरी तळाला टेकवून ओढावी. उरलेले मासे फेकजाळ्याने पकडावेत. शेवटी पाणी पिकाला देऊन तळे रिकामे करावे. माशांच्या विष्ठेमुळे हे पाणी पिकास पोषक असते. ८०० पैकी ६४० मासे जगले व प्रत्येकी ४०० ग्रॅमचे झाले, तर २५६ किलो माल निघेल. किलोमागे दीड किलो खाद्य धरल्यास त्यासाठी ३८४ किलो खाद्य लागते. बाजारभाव व खाद्याचा दर यांचा हिशेब बीज घेण्यापूर्वीच मांडावा.

नदीचे रक्षण

तळ्याच्या काठाशी बारीक पिल्ले दिसू लागली, तर बीजात माद्या आल्या आहेत असे ओळखावे व ती पिल्ले काढून टाकावीत. तळ्याच्या सांडव्यास व पाणी सोडण्याच्या नळास बारीक जाळी बसविणे अत्यावश्यक आहे. लोणखेड्याच्या शिवारातून निसटलेला मासा ओहोळावाटे गोमाईत आणि प्रकाशे येथील संगमातून तापीत पोहोचू शकतो. एकदा नदीत त्याची वीण सुरू झाली की तो परत काढता येत नाही. स्थानिक माशांवर ज्यांचा चरितार्थ चालतो, अशा मच्छीमार कुटुंबांना त्याची झळ सोसावी लागते. आपले तळे खाजगी असले तरी नदी सर्वांची आहे, ही जाणीव ठेवून केलेले संवर्धनच शेतकऱ्यास आणि परिसरास हितावह ठरेल.