जठरामागचे स्वादुपिंड

आपल्या पोटात जठर आहे, यकृत आहे, आतडी आहेत. ही नावे आपण ऐकलेली आहेत. पण जठराच्या मागे, पाठीच्या कण्याजवळ, आणखी एक अवयव आहे. त्याचे नाव स्वादुपिंड. ते सुमारे १५ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे वितीहून थोडे कमी.

स्वादुपिंडाची कामे दोन. पहिले काम पचनाचे. त्याचा रस नळीतून लहान आतड्यात उतरतो. भाकरी, डाळ, तेल-तूप पचायला हा रस लागतो. दुसरे काम साखरेचे. स्वादुपिंड इन्शुलिन तयार करून रक्तात सोडते. त्याने रक्तातली साखर ताब्यात राहते.

हा अवयव आड दडलेला. त्यात गाठ झाली तर हाताला लागत नाही. सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून स्वादुपिंडाचा कर्करोग पुष्कळदा उशिरा कळतो. तेव्हा शरीर जी खूण देते, ती आपण ओळखली पाहिजे.

खुणा कोणत्या?

डोळे पिवळे होतात. लघवी गडद होते, शौचाचा रंग फिका पडतो, अंगाला खाज सुटते. पोटातली कळ पाठीत जाते. भूक मरते. काही कारण नसता वजन उतरते. पन्नाशीनंतर नव्यानेच मधुमेह होतो आणि त्याबरोबर माणूस वाळत जातो.

डोळे पिवळे झाले, की शेजारीपाजारी सांगतात, “अहो, कावीळच ती! गळ्यात माळ घाला. माळ वाढली की कावीळ उतरली समजा.”

माळ वाढते हे खरे. पण ती काड्या सुकून गाठी सैल झाल्यामुळे वाढते. धडधाकट माणसाच्या गळ्यात घातली तरी ती वाढेलच. काही काविळी आपोआप बऱ्या होतात आणि नाव माळेचे होते. पण पित्ताची नळी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते. तिथे गाठ झाली, तर नळी दाबली जाते. पित्त तुंबते. अशी कावीळ माळेने कशी उतरेल? माळेकडे बघत महिना जातो आणि गाठ वाढत राहते. ती लहान असेल, तर शस्त्रक्रियेने काढता येण्याची आशा असते.

तपासण्या कोणत्या?

रक्ताची तपासणी : कावीळ किती आहे, साखर किती आहे, हे यात कळते. पोटात एकाएकी जोराची कळ आली आणि उलट्या झाल्या, तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिथे रक्तातले लायपेज किंवा अमायलेज तपासतात.

सोनोग्राफी : ही दुखत नाही. बहुधा उपाशीपोटी करतात. पित्ताचे खडे व फुगलेली नळी यात दिसते. पण आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड झाकले जाते. म्हणून सोनोग्राफी चांगली आली, तरी खुणा तशाच असतील तर थांबू नये.

सी. टी. स्कॅन : यात गाठ कुठे आहे, किती पसरली आहे, हे पुष्कळसे कळते. शिरेतून औषध देऊन फोटो काढतात. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आधी सांगावे.

दुर्बिणीची तपासणी : तोंडातून दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी करतात. लागल्यास सुईने कण काढून तपासायला पाठवतात. “सुई लागली की कर्करोग पसरतो,” असे लोक म्हणतात. असे फार क्वचित घडते. दडवलेला आजार मात्र वाढतोच.

सीए १९-९ : ही रक्ताची तपासणी आहे. हा आकडा साध्या काविळीतही वाढतो. काही जणांत कर्करोग असूनही वाढत नाही. म्हणून नुसत्या या आकड्यावर घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. उपचार लागू पडतो की नाही, हे पाहायला तो उपयोगी पडतो.

आपण काय करावे?

विडी, सिगारेट, तंबाखू सोडावी. दारू सोडावी. घरात जवळच्या दोघांना हा कर्करोग झाला असेल, तर आपल्याला त्रास नसला तरी डॉक्टरांना विचारावे.

आता आपल्याला लिहिता येते. त्याचा उपयोग करू या. दवाखान्यात जाताना कागदावर लिहून न्यावे : त्रास कधी सुरू झाला, वजन किती उतरले, कोणती औषधे चालू आहेत. तपासणीचे सगळे कागद तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवावेत. डॉक्टरांना विचारायला लाजू नये : “ही तपासणी कशासाठी? यातून काय कळलं? आता पुढं काय?”

प्रश्न

१. स्वादुपिंड कुठे असते? त्याची दोन कामे लिहा.
२. माळ का वाढते?
३. सोनोग्राफी चांगली आली, तरी केव्हा थांबू नये?
४. दवाखान्यात नेण्यासाठी घरातल्या एका माणसाचा कागद तयार करा.