जुन्या संगणकावर हलकी लिनक्स प्रणाली : आधी नोंदी, मग बदल

कामगंध सापळ्यांतील पतंगांची मोजणी, प्रक्षेत्र भेटींचे अहवाल, किडींची छायाचित्रे असा कित्येक हंगामांचा ठेवा बहुधा कार्यालयातील एखाद्या जुन्या संगणकातच असतो. विंडोज 10 चे नियमित विनामूल्य सुरक्षा साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले आणि विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुविधा अनेक जुन्या यंत्रांत नसते. असे यंत्र मोडीत काढण्यापूर्वी लिनक्स मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीचा विचार करावा. तिला 64-बिट प्रोसेसर, किमान 2 जीबी रॅम व 20 जीबी जागा लागते; 4 जीबी रॅम असल्यास काम सुकर होते.

प्रणाली बसविताना डिस्क पुसली जाते, म्हणून पहिले काम नोंदींची प्रत काढण्याचे. गुलाबी बोंडअळीसाठी सलग 3 दिवस प्रति सापळा 8 पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. परंतु ती यंदा नेहमीपेक्षा लवकर गाठली गेली काय, हे मागील वर्षांच्या नोंदींवाचून सांगता येत नाही. प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी व दुसऱ्या संगणकावर उघडून तपासावी. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधील मजकूर मूळ फाँट नसल्यास निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. तो विंडोज चालू असतानाच युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा. ही बाब हमखास विसरली जाते. एक्सेलच्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, मात्र त्यांतील मॅक्रो चालतीलच असे नाही.

पुढचे काम सोपे आहे. अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवून ती रुफसच्या साहाय्याने 8 जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवावी. संगणक पुन्हा सुरू करताना एफ12, एफ9 किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राची कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. प्रणाली न बसविताही चालवून पाहता येते. त्या वेळी वाय-फाय, प्रिंटर आणि यूएसबी सूक्ष्मदर्शक चालतात का, हे पाहावे. या अवस्थेतील संथपणावरून मत बनवू नये, कारण पेनड्राइव्हचा वेग कमी असतो. प्रत्यक्ष बसविताना वीज जाणार नाही याची व्यवस्था असावी. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीवर विसंबणे धोक्याचे. मराठी टंकनासाठी नंतर आयबसमधून इनस्क्रिप्ट कळफलक जोडता येतो.

डिजिटल स्वाक्षरी किंवा हजेरीचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालत असेल, तर तो संगणक या बदलातून वगळावा.

शक्य असल्यास जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवावी आणि लिनक्स तिच्यावरच घालावे. वेगातील सर्वाधिक फरक त्यामुळेच पडतो, शिवाय जुनी डिस्क न पुसता तशीच राहते. तिच्यावर तारीख व संगणकाचा क्रमांक लिहून किमान एक पूर्ण हंगाम ती कपाटात, ओलाव्यापासून दूर ठेवावी.