मित्रांबरोबर चारिका : कुशीनारा ते सारनाथ, नेपाळमार्गे



धम्मदीक्षा घेतल्यावर घरातून देव्हारा निघतो. त्याच्याबरोबर जत्रा निघते, वारी निघते, कुलदैवताचा नवसही निघतो. निघाले ते योग्यच झाले. परंतु वर्षातून एकदा घर सोडावे, चार माणसांत मिसळावे, नदी-डोंगर पाहावेत, ही सवय पिढ्यान्‌पिढ्यांची असते. ती एका दिवसात जात नाही. मग प्रश्न पडतो, आता जावयाचे कोठे? उत्तर तयारच असते : लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ. बस ठरविली जाते, पन्नास माणसे कोंबली जातात, दहा दिवसांत बारा ठिकाणे उरकली जातात आणि माणूस घरी परततो तो फोटो व बोधिवृक्षाचे पान घेऊन. यात्रा तीच राहिली, फक्त देव बदलला, असे कोणी म्हटले तर आपणास राग येऊ नये.

या पाठात आपण निराळ्या रीतीचा विचार करू. पाच-सहा मित्र-मैत्रिणी, प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःला उचलता येईल एवढीच सॅक, आणि रेल्वेने, एस. टी.सारख्या साध्या बसने, जमेल तेथे पायी केलेला तीन आठवड्यांचा प्रवास. आपल्या घरातील कॉलेजात जाणारी मुले असा प्रवास मागत असतील तर त्यांना चैनीखोर म्हणून गप्प बसवू नका. पालि ग्रंथांत यासाठी सुंदर शब्द आहे : चारिका. तथागत पंचेचाळीस वर्षे चारिका करीत राहिले. पहिल्या साठ भिक्खूंना त्यांनी सांगितले होते की, दोघांनी एका वाटेने जाऊ नये. ते शिकविण्यासाठी निघाले होते. आपण शिकण्यासाठी निघतो, तेव्हा आपणास सोबत हवी.

सोबत कशी असावी, याचा नमुना मज्झिमनिकायात आहे. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे गोसिंग सालवनात एकत्र राहत. दूध आणि पाणी मिसळावे तसे ते राहतात, असे तेथे वर्णन आहे. पण हे साधले कसे, ते नीट वाचा. भिक्षेहून जो आधी परत येई, तो आसने मांडी व पाणी भरून ठेवी. जो शेवटी येई, तो उरलेले खाऊन जागा झाडून काढी. रिकामे मडके ज्याला दिसे, तो ते भरी. एकट्याने उचलले नाही तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावी. आणि दर पाचव्या रात्री तिघे बसून धम्माची चर्चा करीत. मैत्री म्हणजे गळ्यात हात घालणे नव्हे, मडके भरणे होय, हे तेथे समजते. तुमच्या गटात चार दिवसांनंतर भांडण होणार ते अशाच गोष्टींवरून : पाण्याची बाटली कोणी भरली नाही, तिकिटाच्या रांगेत नेहमी मीच का, न्हाणीघर तासभर कोणी अडविले. म्हणून निघण्यापूर्वीच कामे वाटून घ्या. वर्गणी सर्वांची सारखी ठेवा, तिजोरी एकाकडे द्या आणि खर्च रोज रात्री वहीत लिहा. गटात एखाद्याच्या घरची परिस्थिती बेताची असते. तेव्हा जेवणाचे व राहण्याचे दर त्याला झेपतील असेच ठरवावेत. त्याला चारचौघांत विचारून ओशाळवाणे करू नये.

आता आईवडिलांशी थोडे बोलावयाचे आहे. मुलगा जातो म्हटले की आपण होकार देतो. मुलगी जाते म्हटले की घरात शांतता पसरते. "पोरीच्या जातीनं एवढ्या लांब?" हे वाक्य बौद्ध घरांतूनही ऐकू येते, आणि त्यातला 'जात' हा शब्द कोणाला खटकत नाही! विनयपिटक उघडा. महाप्रजापती गौतमी केस कापून, काषाय वस्त्रे नेसून, शाक्य स्त्रियांचा मोठा समुदाय बरोबर घेऊन कपिलवस्तूहून वैशालीस पायी गेल्या. म्हणजे आजच्या हिशोबाने नेपाळच्या सरहद्दीपासून गंडक ओलांडून बिहारपर्यंत. पाय सुजलेले, अंग धुळीने भरलेले, अशा त्या दाराबाहेर रडत उभ्या राहिल्या तेव्हा आनंदाने विचारपूस केली, त्यांच्या बाजूने शब्द टाकला, आणि भिक्खुणी संघ स्थापन झाला. त्या एकट्या नव्हत्या म्हणून पोहोचल्या, असेही म्हणता येईल. तुमच्या मुलीबरोबर आणखी दोन मुली असतील, मुक्कामाची ठिकाणे आधी ठरलेली असतील आणि रोज रात्री एक फोन येत असेल, तर नाही म्हणावयास कोणते कारण उरते?

तयारी फार नाही. नेपाळात जाण्यासाठी भारतीय नागरिकास व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट मात्र जवळ असू द्यावा, केवळ आधारकार्डावर विसंबू नये. भारताच्या शंभर रुपयांचे नेपाळी एकशेसाठ होतात. १९९३ पासून हा दर बदललेला नाही. शंभराच्या व त्याहून लहान नोटा जवळ ठेवा, त्या सहज चालतात. नेपाळचे घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे असते, हे बस पकडताना विसरू नका. पावसाळ्यात जाऊ नका. काठमांडूचा रस्ता त्रिशूली नदीच्या काठाने जातो आणि दरडी कोसळतात. १२ जुलै २०२४ रोजी दोन बसगाड्या दरडीबरोबर त्या नदीत वाहून गेल्या. भिक्खूसंघ पावसाळ्यात चारिका थांबवून वर्षावास करीत असे, हे शहाणपण आजही उपयोगी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. सॅक सात-आठ किलोंच्या वर गेली तर काहीतरी काढून ठेवा. बहुधा ते तिसरी जीन पँट असते.

मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेस या नावाची गाडी आहे, पण ती कुशीनगरला जात नाही, गोरखपूरला जाते. नागपूरवरूनही गोरखपूरच्या गाड्या मिळतात. गोरखपूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर कुशीनारा. प्रवासाचा आरंभ महापरिनिर्वाणाच्या जागेपासून होतो, हे उलटे वाटेल, पण रस्ताच तसा आहे. तेथील निद्रिस्त मूर्ती सहा मीटर लांबीची आहे. १८७६ साली कार्लाइल यांच्या उत्खननात ती तुकड्यांच्या रूपाने सापडली आणि जोडून उभी केली गेली. तेथून रामाभार स्तूपापर्यंत गटाने पायी जावे. येथे तथागतांच्या देहाला अग्नी दिला गेला. ऐंशी वर्षांचा एक आजारी माणूस राजगृहापासून चालत येथवर आला, ही गोष्ट गाडीत बसून समजत नाही.

पुढे सोनौलीला सरहद्द. कमानीखालून पायी गेलात की नेपाळ. तेथून लुंबिनी जवळ आहे. तेथे अशोकाचा स्तंभ पाहाच, १८९६ साली त्याची ओळख पटली. त्यावरील ब्राह्मी लेखात अशोकाने म्हटले आहे की, राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर तो स्वतः येथे आला, शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून. आणि येऊन त्याने काय केले? लुंबिनी गावाचा बली माफ केला आणि पिकावरील भाग आठव्या हिश्श्यावर आणला. शेतकऱ्याच्या डोक्यावरील कर कमी करणे हीच त्या राजाची वंदना. आपल्या वस्तीतून दान गोळा करून केवळ संगमरवर बसविणाऱ्यांनी हा लेख दोनदा वाचावा.

लुंबिनीच्या पश्चिमेस तिलौराकोट आहे, आणि भारताच्या हद्दीत पिप्रहवा आहे. दोन्ही ठिकाणे स्वतःस कपिलवस्तू म्हणवितात. नेपाळच्या गाड्यांवर 'बुद्ध नेपाळात जन्मले' असे लिहिलेले दिसेल. त्यावरून चहाच्या टपरीवर वाद घालू नका. लुंबिनी आज नेपाळात आहे, हे खरेच आहे. आणि आजची सरहद्द १८१६ च्या सुगौली तहानंतर आखली गेली, हेही खरे आहे. शाक्यांना दोन्ही देश ठाऊक नव्हते.

काठमांडूला पोहोचण्यास अख्खा दिवस जातो. तेथे आपणास दोन कारणांनी जावयाचे आहे. पहिले कारण परमपूज्य बाबासाहेब. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली, आणि पुढच्याच महिन्यात शरीर साथ देत नसतानाही ते काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. २० नोव्हेंबरला त्यांनी तेथे बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले. परतताना काशीला बोलले, सारनाथ व कुशीनारा पाहिले, आणि ६ डिसेंबरला आपणास सोडून गेले. ज्या रस्त्याने तुमची मुले जाणार आहेत, तो बाबासाहेबांच्या अखेरच्या प्रवासाचाही रस्ता आहे.

दुसरे कारण अधिक कठीण आहे. स्वयंभू आणि बौद्धनाथचे स्तूप भव्य आहेत. २०१५ च्या भूकंपात बौद्धनाथच्या शिखराला तडे गेले, ते पुढच्याच वर्षी दुरुस्त झाले. हे सारे पाहून नवदीक्षिताचा ऊर भरून येतो. पण तेथेच थांबू नका. जुन्या पाटण शहराच्या गल्ल्यांत जा. 'बाहा' म्हणतात ते जुने विहार दिसतील. नेवार बौद्धांत भिक्खू गृहस्थ झाले आणि शाक्य व वज्राचार्य ही जन्मावर ठरणारी पुरोहित घराणी तयार झाली. शाक्य घरातील लहान मुलगी निवडून तिला कुमारी म्हणून तलेजू देवीचे रूप मानतात. तिला पाळी आली की ते देवपण संपते. बुद्धाचे नाव राहिले, मूर्ती राहिल्या, स्तूप राहिले, आणि जात आत येऊन बसली! राज्यकर्त्यांनीही ती लादली. १८५४ च्या मुलुकी ऐनने जातींची उतरंड कायद्यातच लिहिली, आणि १९६३ साली नवा कायदा येईपर्यंत ती टिकली. राणांच्या राजवटीने १९४४ साली आठ थेरवादी भिक्खूंना देशाबाहेर घालविले. ते सारनाथला आले आणि तेथे त्यांनी धर्मोदय सभा स्थापिली. म्हणजे तेथेही झगडणारे होते, आजही आहेत.

अस्पृश्यता गेली का? २०११ साली तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. मे २०२० मध्ये पश्चिम रुकुम जिल्ह्यात एक दलित तरुण आपल्या वरच्या जातीच्या प्रेयसीला आणावयास मित्रांसह गेला. गावाने त्यांचा पाठलाग केला आणि सहा तरुण प्राणास मुकले. तेही मित्रांचेच टोळके होते. काठमांडूत कामी, दमाई, सार्की समाजातील एखादा चपला शिवणारा किंवा शिंपी भेटला तर त्याच्याजवळ बसा, त्याची हकिकत ऐका. आपली ओळख लपवू नका. पर्यटक हे करीत नाही. तुमचा गट पर्यटकांचा नाही.

एक इशारा येथेच देतो. "एवढ्या लांब आलोच आहोत तर पशुपतिनाथही करून घेऊ," असे गटात कोणीतरी म्हणणार. इमारत म्हणून पाहण्यास हरकत नाही. पण घंटा वाजवून हात जोडणे हे पाहणे नव्हे. असाच प्रसंग गया स्टेशनावर येईल. पिंडदानाचे गुरुजी गावाचे नाव विचारीत मागे लागतील. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, ती अशा वेळेसाठीच. "आम्ही बौद्ध आहोत," एवढे सांगून पुढे चालू लागा.

परतीचा मार्ग वीरगंज-रक्सौलवरून. वाटेत केसरियाचा प्रचंड स्तूप, मग वैशाली. तेथे मुलींना पुढे चालू द्यावे. राजगीर आणि नालंदा यांना दोन दिवस पुरतात. गृध्रकूट पहाटे चढावा. पाळणा आहे, पण तो दुसऱ्या टेकडीवर जातो, त्याच्या रांगेत सकाळ दवडू नये.

बुद्धगयेला मोबाईल महाविहाराबाहेर ठेवावा लागतो. हे बरेच आहे. बोधिवृक्षाखाली गटाने अर्धा तास मौन बसावे. पण बाहेर आल्यावर हेही जाणून घ्यावे की, १९४९ च्या कायद्यानुसार या महाविहाराची व्यवस्था जी समिती पाहते, तीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी असतात. अनागारिक धर्मपाल १८९१ साली येथे आले तेव्हापासून हा प्रश्न धुमसत आहे. २०२५ साली भिक्खूंनी हा कायदा रद्द व्हावा म्हणून येथेच उपोषण केले. पान वेचून आणण्यापेक्षा ही माहिती वहीत उतरवून आणावी.

शेवटी सारनाथ. धमेक स्तूपाभोवती सगळेच फिरतात. अशोकाच्या तुटक्या स्तंभाजवळ मात्र फारसे कोणी थांबत नाही. त्यावर राजाज्ञा कोरली आहे ती अशी की, संघात कोणी फूट पाडू नये. एकाच वस्तीत दोन जयंती मंडळे आणि दोन मिरवणुका असलेल्या गावची मुले जर गटात असतील, तर त्यांनी त्या स्तंभासमोर जरा जास्त वेळ उभे राहावे. गटातही तोवर काही रुसवे साठलेले असतील. ते त्याच संध्याकाळी बोलून मोकळे व्हावे.

हिशोबाची वही वाराणसीच्या फलाटावरच पुरी करावी. गाडीत बसल्यावर कोणाला आठवत नाही. पैसे उरले तर त्यांचे वाटप करू नये. पुढच्या वर्षी तुमच्याच वस्तीतून ज्या मुलीला जावयाचे असेल आणि भाडे निघत नसेल, तिच्या नावे विहाराच्या खजिनदाराकडे ठेवावेत.