संथ यंत्राचे माप : सलमाबादच्या भाच्यास पत्र

चि. भाच्यास मामांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सलमाबादहून सुट्टीवर आलेल्या गाववाल्यांनी सांगितले ते खरे असेल, तर चिरंजीव वर्कशॉपच्या ऑफिसातील वेगवान संगणक रात्री कोणास न विचारता चालू ठेवतो आणि त्यावर आपल्या जुन्या लॅपटॉपसाठी जेंटू लिनक्सचे प्रोग्राम कंपाइल करतो. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये हे मामांना कळते. परंतु बहरीनमधील वास्तव्य ज्या नोकरीवर अवलंबून आहे, तीच अशा कारणाने गेली तर काय, या विचाराने मामांना स्वस्थता नाही, आणि ही बातमी ताईच्या कानावर अद्याप जाऊ दिलेली नाही.

जेंटूमध्ये प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, आणून जीसीसी या कंपायलरकडून, म्हणजे त्या मजकुराचे प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामकडून, यंत्रावरच तयार करून घेण्याची रीत आहे. कोअर टू ड्युओ हा 2006 साली आलेला प्रोसेसर ज्यात आहे, त्या लॅपटॉपला फायरफॉक्ससारख्या अवाढव्य प्रोग्रामसाठी रात्र अपुरी पडते, आणि उन्हाळ्यात शेजारच्या खाटांवर दमलेली माणसे झोपलेली असताना त्याचा पंखा रात्रभर घरघरत ठेवणे बरे नव्हे. म्हणून हे काम वेगवान यंत्राकडून करून घ्यावेसे वाटणे यात गैर काही नाही; गैर आहे ते न विचारणे.

शिवाय उसन्या यंत्रावर काम करताना सदरा ज्याच्या अंगात जायचा त्याचेच माप घ्यावे लागते. कंपायलरच्या 'मार्च' या पर्यायापुढे 'नेटिव्ह' लिहिले, की तो स्वतः ज्या प्रोसेसरवर चालतो त्याच्याच आज्ञा वापरतो. इंटेलने 2013 मध्ये आणलेला एव्हीएक्स-2 हा आज्ञासंच जुन्या लॅपटॉपला ठाऊक नसल्याने असा प्रोग्राम तेथे 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत कोसळतो. म्हणून 'मार्च'पुढे 'कोअर-टू' असेच लिहावे, आणि लॅपटॉपच्या सिस्टिमची प्रत एका फोल्डरात ठेवून, त्या फोल्डरालाच मूळ डिरेक्टरी मानायला लावणाऱ्या 'सीएचरूट' या सोयीने तिच्यात पॅकेजे बांधावीत, म्हणजे ग्लिबसी या पायाभूत लायब्ररीची आवृत्तीही जुळते.

मार्टिन पूल यांनी लिहिलेले डिस्टसीसी हे काम वाटून देते : प्रीप्रोसेसिंग, म्हणजे मजकुराची पूर्वतयारी, आणि लिंकिंग, म्हणजे तुकड्यांची जोडणी, सामान्यतः संथ यंत्रावर होते, आणि मधले जड काम मदतीला घेतलेल्या यंत्रावर जाते. मात्र ते नेटवर्कवरील यंत्रांवर विश्वास ठेवून चालते, आणि त्याची मांडणी ढिली राहिली तर परका माणूस त्यातून आपल्या आज्ञा चालवू शकतो. दुसऱ्याच्या नेटवर्कवर असे दार न सांगता उघडे ठेवणे हा निव्वळ अविचार आहे, आणि मामांची काळजी पुन्हा तेथेच येऊन ठेपते.

डिसेंबर 2023 पासून जेंटू प्रकल्प स्वतःच तयार पॅकेजे देतो; एव्हीएक्स-2 गृहीत धरणारा 'व्ही-3' संच टाळून सर्वसाधारण संच घेतला, तर निम्म्याहून अधिक अडचण सुटावी. उरलेल्यासाठी मॅनेजरांना सरळ विचारावे. मामांना विशीत पुण्यात संगणक शिकण्याची फार हौस होती, परंतु सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये बसू द्याल का, एवढे विचारण्याचाही संकोच वाटला आणि ते शिक्षण राहिले ते राहिलेच. विचारले असते तर फार तर नकार मिळाला असता.

एवढे कठोर लिहिल्यावर हेही लिहिणे भाग आहे, की नव्या लॅपटॉपसाठी साठवलेले पैसे धाकटीच्या कॉलेजच्या फीसाठी गुपचूप घरी आले, हे घरात सर्वांना ठाऊक आहे, आणि दिवसभर राबून आलेल्या मुलाने रात्री काही शिकत बसावे याचे मामांना कौतुकच आहे. येत्या शुक्रवारी फोन करावा. ऑफिसच्या संगणकाचे काय ठरले ते मागाहून सांगितले तरी चालेल, आधी जेवण वेळेवर होते की नाही आणि झोप पुरती मिळते की नाही, तेवढे सांगावे.

कळावे, हे आशीर्वाद.

मामा