अनुईची ‘अँटिगनी’ : जुनी कथा, नवा प्रश्न

परकीय शोकांतिका आपल्या भाषेत आणण्याची परंपरा मराठीला नवी नाही. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ (१८८३) लिहिले, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ (१८९०) रंगभूमीवर आणले. अशा रूपांतरांत पात्रांची नावे व स्थळ आपल्याकडचे होते. कथेचा सांगाडा मात्र बहुतांशी मूळचाच राहतो. विसाव्या शतकातील काही युरोपीय नाटककारांनी याच्या नेमका उलट मार्ग धरला. त्यांनी नावे तीच ठेवली, शेवटही तोच ठेवला. बदलला तो नाटकातील मूळ प्रश्न. फ्रेंच नाटककार ज्याँ अनुई याची ‘अँटिगनी’ हे या दुसऱ्या प्रकारचे उत्तम उदाहरण होय. या बदलाने शोकांतिकेचे काय होते, ती दुबळी होते की अधिक धारदार, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मूळ कथा ध्यानात घेऊ. सोफोक्लीसचे ‘अँटिगनी’ हे नाटक इसवी सनापूर्वी ४४१च्या सुमाराचे मानले जाते. ईडिपसचे दोन मुलगे थीब्जच्या गादीसाठी लढता लढता परस्परांच्या हातून मरतात आणि त्यांचा मामा क्रेऑन राजा होतो. तो इटिओक्लीसला सन्मानाने मूठमाती देतो. शहरावर चालून आलेल्या पॉलिनायसिसचे प्रेत मात्र उघड्यावर टाकण्याचा हुकूम काढतो. हुकूम मोडणारास देहान्त शिक्षा! बहीण अँटिगनी भावाच्या प्रेतावर माती टाकते. राजाच्या आज्ञेहून देवांचे अलिखित कायदे श्रेष्ठ आहेत, हा तिचा पक्ष. पुढे द्रष्टा टायरेसियस येऊन देव कोपल्याचे सांगतो, क्रेऑन नमतो. पण तोवर उशीर झालेला असतो. अँटिगनीने गुहेत गळफास घेतलेला असतो. तिचा वाग्दत्त वर हीमॉन हा क्रेऑनचाच मुलगा. तोही आत्महत्या करतो आणि पाठोपाठ राणी युरिडिसीही.

हेगेलने या नाटकात दोन न्याय्य पण एकांगी तत्त्वांचा संघर्ष पाहिला. ते मार्मिक आहेच. तथापि सोफोक्लीसच्या नाटकात प्रेत पुरले पाहिजे होते, हा देवांचा निर्णय टायरेसियसच्या मुखाने स्पष्ट मिळतो, हेही विसरता कामा नये. अँटिगनी मरते, पण तिचे म्हणणे खरे ठरते.

अनुईचे नाटक फेब्रुवारी १९४४ मध्ये पॅरिसच्या आतलिए नाट्यगृहात आंद्रे बार्साक याच्या दिग्दर्शनाखाली प्रथम सादर झाले. तेव्हा पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते आणि नाटकाला जर्मन सेन्सॉरची परवानगी लागत असे. ती या नाटकाला मिळाली. रंगमंचावर ग्रीक राजवाडा नव्हता. पात्रे आधुनिक पोशाखात होती. ग्रीक वृंदाच्या जागी एकच निवेदक येतो, सर्व पात्रांची ओळख करून देतो आणि आज कोण मरणार आहे तेही सांगून टाकतो! पुढे तोच निवेदक शोकांतिकेचे मर्म उलगडतो. त्याचा आशय असा, की साध्या नाटकात सुटकेची आशा असते म्हणून तेथे धडपड असते. शोकांतिकेत आशाच नसते, म्हणून तेथे एक प्रकारची शांतता असते. किल्ली एकदा दिली की पुढचे सारे आपोआप घडते.

अनुईने केलेला सर्वांत मोठा बदल म्हणजे टायरेसियस त्याच्या नाटकात नाही. द्रष्टा गेला, त्याबरोबर देवही गेले. मग अँटिगनीच्या बाजूने बोलणार कोण? याचे उत्तर मामा-भाचीच्या दीर्घ प्रवेशात आहे. अनुईचा क्रेऑन क्रूर नाही. तो थकलेला, व्यवहारी, कर्तव्य म्हणून राज्य करणारा माणूस आहे. तो भाचीला वाचवू पाहतो. प्रकरण दडपून टाकण्याची, पाहणाऱ्या पहारेकऱ्यांची तोंडे कायमची बंद करण्याची त्याची तयारी आहे. ती ऐकत नाही, तेव्हा तो तिचे एकेक कारण काढून घेऊ लागतो.

पुरोहितांच्या त्या घाईघाईच्या मंत्रांवर तुझा खरोखर विश्वास आहे का, असे तो विचारतो. ती नाही म्हणते. मग हे कोणासाठी? कोणासाठीच नाही, स्वतःसाठी, असे तिचे उत्तर आहे. त्यानंतर तो भावांचे खरे रूप सांगतो. पॉलिनायसिस जुगारी व उडाणटप्पू, बापावर हात उगारणारा. इटिओक्लीसही त्याहून बरा नव्हता. शिवाय दोघांची प्रेते घोडदळाखाली इतकी चिरडली होती की ओळख पटेना. त्यांतल्या त्यात बरे दिसले त्याला राजाने सन्मान दिला! अँटिगनी खचते, आपल्या खोलीकडे परत जायला निघते. पण सुटकेचा निःश्वास टाकून क्रेऑन म्हणतो की आता हीमॉनशी लग्न कर, सुखी हो. या ‘सुख’ शब्दाशीच ती अडखळते. त्या सुखासाठी मला कोणाशी खोटे बोलावे लागेल, काय पाहून न पाहिल्यासारखे करावे लागेल, हा तिचा प्रश्न आहे. तेथून ती मागे फिरत नाही.

सोफोक्लीसच्या अँटिगनीला तीन आधार होते : देव, भाऊ आणि शहर. ‘लोक आतून तिच्याच बाजूचे आहेत,’ असे तेथे हीमॉन बापाला सांगतो. अनुईने तिन्ही आधार काढून घेतले. त्याच्या नाटकात तर जमाव राजवाड्याभोवती आरडाओरडा करीत तिचे मरण मागतो. उरतो तो केवळ नकार.

येथेच वाद उभा राहतो. १९४४ साली काहींना अँटिगनीत प्रतिकाराची प्रतिमा दिसली, तर काहींना क्रेऑनच्या तोंडून शत्रूशी जमवून घेणाऱ्या व्हिशी सरकारचे समर्थन ऐकू आले. बुडत्या जहाजाचे सुकाणू कोणी तरी धरलेच पाहिजे, हा त्याचा युक्तिवाद खरोखर प्रभावी आहे. परंतु अनुईने क्रेऑनची वकिली केली, हा आक्षेप मला अपुरा वाटतो. क्रेऑन वादाचा प्रत्येक मुद्दा जिंकतो. तरी तिला मारू नये असे वाटत असूनही त्याला तिला मारावेच लागते. ज्याने एकदा होकार दिला त्याला पुढे नकार देता येत नाही. राजापेक्षा ही मुलगी अधिक स्वतंत्र आहे.

दुसरा पुरावा पहारेकऱ्यांचा आहे. मरणाची वाट पाहणाऱ्या अँटिगनीशी पहारेकरी आपल्या पगाराविषयी व बढतीविषयी बोलतो. त्यालाच ती हीमॉनसाठी पत्र सांगते. आपण कशासाठी मरतो आहोत हे आता कळत नाही, असे ती म्हणून जाते आणि लगेच ते खोडायला लावते. सारे संपल्यावर क्रेऑन पाचच्या बैठकीला जातो आणि पहारेकरी पत्ते खेळत बसतात. राज्य कोणाचेही असो, यांचे काही बिघडत नाही. माझ्या मते नाटकाचा खरा आरोप यांच्यावर आहे.

अर्थात शहर गमावल्याची किंमत अनुईला मोजावी लागली आहे. त्याच्या नायिकेचा नकार फार खासगी होतो. इतरांनी हीच उणीव वेगवेगळ्या प्रकारे भरून काढली. ब्रेख्तची ‘अँटिगनी’ १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमधील खूर येथे झाली. तिच्या प्रारंभीच १९४५ च्या बर्लिनमधील दोन बहिणी आणि सैन्यातून पळाल्याबद्दल फाशी गेलेला त्यांचा भाऊ दिसतो. क्रेऑनचे युद्धही लुटीचे ठरते. ॲथॉल फ्युगार्ड, जॉन कानी व विन्स्टन न्ट्शोना यांच्या ‘द आयलंड’ (१९७३) या नाटकात दक्षिण आफ्रिकेतील दोन कृष्णवर्णीय कैदी तुरुंगात हेच नाटक बसवतात. बायकी टोप घालायला लाजणारा कैदी शेवटी तो टोप काढून स्वतः म्हणूनच बोलतो. रॉबेन बेटावरील कैद्यांनीही हे नाटक केले होते आणि त्यात नेल्सन मंडेला यांनी क्रेऑनची भूमिका केली होती. अँटिगनीचे दुःख जाणणाऱ्या माणसाने क्रेऑनच्या जागी उभे राहून पाहावे, ही घटना विचार करण्यासारखी आहे.

तात्पर्य, अभ्यासासाठी रूपांतर हाती घेताना मुळाशी असलेल्या साम्यभेदांची यादी करून थांबू नये. मूळ कृतीचा कोणता आधार काढून घेतला आणि तो भार आता कोणत्या पात्रावर पडला, हे पाहावे. सोफोक्लीसने विचारले की श्रेष्ठ कायदा कोणता? अनुई विचारतो, सांगण्यासारखे एकही कारण उरले नाही तरी माणसाने नाही म्हणावे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देवांनी दिले. दुसऱ्याचे उत्तर अनुईने दिलेले नाही. ते प्रेक्षकालाच द्यावे लागते.