फोन कोणाला करायचा? आरोग्य विम्यातलं डेटाचं करिअर

‘डेटा सायन्स करायचं आहे’ असं सांगणाऱ्या मुलांना मी विचारतो, कशाचा डेटा? बहुतेकांनी तो विचार केलेला नसतो. पालकांची घालमेलही तिथेच असते. नाव मोठं आहे, पण आपली मुलगी रोज नेमकं काय करणार? म्हणून आज एकच काम जवळून पाहू. ते अमेरिकेतल्या आरोग्य विमा कंपन्यांसाठी होतं आणि त्यातलं बरंचसं भारतातल्या कार्यालयांतून चालतं.

काम काय असतं?

अमेरिकेत डॉक्टरची भेट, तपासणी, औषधांची खरेदी अशा बहुतेक गोष्टींचे क्लेम विमा कंपनीकडे जातात. एखाद्या मधुमेही विमाधारकाने दोन महिने इन्सुलिन घेतलेलं नाही, मधे एकदा त्याला इमर्जन्सीत न्यावं लागलं, हे त्यांतून दिसतं. येत्या काही महिन्यांत कोणाला रुग्णालयात दाखल व्हावं लागेल याचा अंदाज त्यावरून बांधला जातो. अशांची यादी केअर मॅनेजरकडे जाते. ही बहुधा अनुभवी नर्स असते. ती फोन करते, औषध का थांबलं ते विचारते आणि मार्ग काढते. तिच्याकडे वेळ मोजका असतो, त्यामुळे यादीत कोण असावं हे फार महत्त्वाचं ठरतं. डॉक्टर, विमागणिती आणि संगणकतज्ज्ञ यांच्यासोबत बसून ते ठरवायला मदत करणारा डेटा सल्लागार, हेच ते काम.

खरी कसोटी कुठे?

झियाद ओबरमेयर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास मांडला. अशा याद्यांसाठी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका संगणकीय मॉडेलने आजाराऐवजी पुढच्या खर्चाचा अंदाज बांधला होता. गोऱ्या रुग्णांइतक्याच आजारी असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांवर आधीपासूनच कमी खर्च होत आला होता, म्हणून मॉडेलने त्यांना कमी आजारी ठरवलं. ही विषमता दूर केली, तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांना आढळलं. गणित बरोबर होतं, प्रश्न चुकीचा होता.

दुसरं उदाहरण न्यू जर्सीतल्या कॅम्डेन शहराचं. वारंवार दाखल होणाऱ्या रुग्णांच्या घरी नर्स आणि समाजसेवक पाठवण्याचा तिथला उपक्रम देशभर गाजला. मग ८०० रुग्णांवर शास्त्रशुद्ध चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एकाला उपक्रमाची मदत मिळाली, दुसऱ्याला नेहमीचेच उपचार. २०२० साली निष्कर्ष आला. १८० दिवसांत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण मदत मिळालेल्या गटात ६२.३ टक्के आणि दुसऱ्यात ६१.७ टक्के होतं. अतिशय वाईट काळात निवडलेला रुग्ण पुढे बऱ्याचदा आपोआपही थोडा सावरतो. तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर ते श्रेय उपक्रमाला मिळालं असतं.

या दोन्ही ठिकाणी कोडिंग कितीही उत्तम असतं तरी भागलं नसतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: टूल शिका, पण करिअर संख्याशास्त्राच्या आणि आजारांच्या समजेवर उभं करा.

वाट कोणती?

बारावीला गणित ठेवा. पुढे संख्याशास्त्रात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. हा भक्कम मार्ग आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग, कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, लोकसंख्या आणि आरोग्याच्या आकडेवारीसाठी मुंबईत देवनारची आयआयपीएस, ही नावं लक्षात ठेवा. विम्याचं गणित आवडत असेल तर इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते. फार्मसी, नर्सिंग किंवा बीएचएमएस केलेल्यांनाही दार उघडं आहे. त्यांना आजार कळतात, आकडेवारी शिकावी लागते. एसक्यूएल आणि पायथन किंवा आर सगळ्यांनाच हवं.

सरावासाठी महागडा क्लास लागत नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेची २००८ ते २०१० या काळातल्या क्लेमवर बेतलेली कृत्रिम माहिती मोफत मिळते. तीवर एक प्रकल्प करा.

पालकांसाठी

न्यूयॉर्कची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे उशिरापर्यंतच्या मीटिंग गृहीत धरा. ‘सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट’ या जाहिरातींवर कर्ज काढू नका. ‘एआय हे काम खाईल का?’ ही भीती रास्त आहे. मॉडेल बनवण्याचं बरंचसं काम यंत्र करू लागलंच आहे. पण खर्च मोजायचा की आजार, आणि फोनने खरंच फरक पडला का, हे ठरवण्याची जबाबदारी माणसावरच राहील.

भारतात ‘आयुष्मान भारत’मध्ये २०१८ पासून प्रत्येक पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, मात्र ते मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांचं. बाहेरच्या औषधांची नोंद त्यात येत नाही. ही उणीव भरून निघेल तशी इथेही अशा माणसांची गरज लागेल.

कॉलेज निवडताना इमारत आणि प्लेसमेंटचे फलक बघाल, तेव्हा अभ्यासक्रमही मागून घ्या. नमुना निवड आणि प्रयोगांची आखणी हे विषय त्यात नीट शिकवत असतील, तर मुलीला तिथे निर्धास्त पाठवा.