गंजलेल्या पत्र्याची दुरुस्ती



मासळी वाहणाऱ्या जुन्या पिकअपचे काम हाती आले असता ग्राइंडर उचलण्याआधी गाडीखाली शिरून पाणी कोठून येते आणि कोठे साचते ते शोधावे. कारण रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरावर राबणाऱ्या गाडीला खाऱ्या हवेच्या जोडीने हौद्यातील क्रेटांतून गळणारे बर्फाचे खारट पाणीही खात असते, आणि दाराच्या तळाची निचऱ्याची छिद्रे चिखलाने बुजली की ते पाणी आतच राहते. गंजणे ही विद्युतरासायनिक क्रिया आहे. मिठामुळे पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो आणि ती क्रिया वेग घेते.

गंज म्हणजे लोखंड, ऑक्सिजन व पाणी यांच्या संयोगातून होणारे सजल ऑक्साइड. ते मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते, म्हणून रंगाला फोड येतात. शिवाय ते सच्छिद्र असल्याने खालच्या धातूचे रक्षण करत नाही. बाहेर रुपयाएवढा फोड दिसला, तरी आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो. तो टोच्याने टोचून आणि हातोडीने हलकेच वाजवून पाहावा: चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो.

जेथे टोच्या आरपार जातो तेथे घासत बसू नये. निरोगी, चकाकता धातू लागेपर्यंत पत्रा कापून काढावा, तितक्याच जाडीचा ठिगळाचा तुकडा कोपरे गोल करून बसवावा, आणि बॅटरीची तार सोडल्यावरच सीओटू वेल्डिंग, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात हवेपासून वितळता धातू वाचवणारे जोडकाम, सुरू करावे. पातळ पत्रा तापला की वाकतो. म्हणून सलग शिवण न मारता समोरासमोरच्या कडांवर आळीपाळीने लहान टाके घालावेत आणि प्रत्येक टाका आपोआप थंड होऊ द्यावा. पाणी ओतून थंड करण्याची घाई पत्रा आणखी बिघडवते.

लांबी, म्हणजे पॉलिएस्टर राळ आणि भुकटी यांचा हार्डनरने कडक होणारा लेप, ही पृष्ठभाग सारखा करण्यापुरती असते. ती ओल शोषते, त्यामुळे भोकावर जाळी ठेवून भरलेली लांबी काही काळातच फुगून सुटते. उघड्या धातूवर आधी एपॉक्सी प्रायमर, मग लांबीचा पातळ हात, हा क्रम मोडू नये, आणि बंद पोकळ्यांत प्रायमर पोहोचत नसल्याने तेथे पातळ मेणाचा फवारा द्यावा.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाड्या रिकाम्या असतात, म्हणून मालक त्याच वेळी त्या कामाला देतात. परंतु कोकणातल्या त्या दमट हवेत घासून उघडा ठेवलेला पत्रा रात्रभरात तांबूस होतो. तेव्हा त्याच दिवशी प्रायमर लागेल एवढाच भाग घासावा, मालक कितीही घाई करो.

शेवटी चासीचे, म्हणजे ज्यावर केबिन, हौदा आणि भार उभा असतो त्या सांगाड्याचे. तिच्या दांड्यात टोच्या शिरत असेल, तर तेथे पातळ पत्र्याचे ठिगळ किंवा रंगाचा हात मुळीच देऊ नये. ते काम घेऊ नये आणि गाडी भाराला योग्य राहिली नाही, असे मालकाला तोंडावर सांगावे.